विज्ञान पावसासारखं, गणित पावासारखं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही गोव्यात म्हापशाच्या, मुलगी ९ ची, मुलगा ६ चा, दोघांना या जूनपासून घरीच शिकवायचं ठरवलंय, तुम्ही स्वतः बी.कॉम., सायन्स दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. आणि परदेशातला एक तयार अभ्यासक्रम एवढे पैसे भरून मागवला तर त्यात तिसऱ्याच धड्यात पृथ्वी काही हजार वर्षांपूर्वी सहा दिवसांत घडवली असं निघालं. म्हणून विचारताय की धर्माची भेसळ नसलेलं विज्ञान आणायचं कुठून, बाकीच्या विषयांचं काय आणि पुढे परीक्षेचं काय. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी कोण ते आधी सांगते, म्हणजे किती ऐकायचं ते तुम्हीच ठरवाल. मी डिचोलीची. खाणीवरच्या लॅबमध्ये केमिस्ट होते, खनिजात लोखंड किती टक्के ते काढायचं काम, दिवसभर टायट्रेशन, जांभळा रंग आला की थांबायचं आणि आकडा लिहायचा. २०१२ ला खाणी बंद पडल्या, अर्ध्या तालुक्यासारखी मीही घरी बसले. पुढच्या वर्षी मुलगी पहिलीत गेली आणि दिवाळीपर्यंत तिचं प्रश्न विचारणंच बंद झालं, मग शाळेतून काढली. ती आता बी.एस्सी. करतेय. धाकटा १२ चा, तो शाळेची पायरी चढला तो फक्त आम्ही मतदानाला गेलो तेव्हा. म्हणजे १२-१३ वर्षांचा अनुभव आणि दोनच मुलं, एवढंच माझं भांडवल.

तर पहिली गोष्ट, विज्ञानाचा अभ्यासक्रम सध्या शोधूच नका. ९ आणि ६ वर्षांच्या मुलांना लागत नाही. गणिताचा मात्र आजच ठरवा, कुठलाही साधा घ्या, बालभारतीची पुस्तकं नेटवर फुकट मिळतात, एनसीईआरटीचीही मिळतात, दोन्हीपैकी एक पकडा आणि रोज पाऊण तास, चवथ म्हणजे गणेशचतुर्थी सोडून सुट्टी नाही. आमच्या घरात म्हणतात गणित पदेराच्या म्हणजे पाववाल्याच्या पावासारखं, रोज सकाळी दारात यायला हवं, आणि विज्ञान पावसासारखं, त्याच्या वेळी येऊ दे पण आलं की सगळं काम टाकून बाहेर जायचं. घरी शिकवणारे बहुतेक जण नेमकं उलटं करतात, विज्ञानाचं टाइमटेबल आणि गणित मूड असेल तेव्हा. मी पण तेच केलं आणि त्याचं फळ मुलीला अकरावीत मिळालं, ते पुढे सांगते.

पावसापासूनच सुरू करा, महिन्याभरात येतोच आहे. कोल्ड्रिंकची बाटली कापायची, वरचा भाग उलटा करून फनेलसारखा बसवायचा, पट्टी चिकटवायची, अंगणात झाड किंवा पागोळी नसेल अशा जागी ठेवायची आणि रोज सकाळी ८ वाजता मापायचं. बाटलीचा तळ गोल असतो म्हणून आधी सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरून तिथे शून्याची खूण करायची. आमच्या पहिल्या वर्षाचे आकडे पणजीच्या हवामान खात्याच्या आकड्यांपेक्षा सारखे जास्तच येत होते, डिचोलीला जास्त पडतो असं म्हणून आम्ही खूश. ऑगस्टमध्ये मुलीने विचारलं की आई, बाटली मध्ये बारीक आहे ना, मग पाणी वर चढून बसणार. बरोबर होतं, तोंड रुंद आणि कंबर बारीक, पट्टी कंबरेवर. दोन महिन्यांचे आकडे फुकट. पण त्या एका चुकीत क्षेत्रफळ, आकारमान आणि आपल्याला हवं ते उत्तर आलं की तपासायचं राहून जातं हे सगळं शिकून झालं, ते कुठल्या धड्यात मिळालं नसतं.

त्याच वहीत पुढे गणित येतं. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पडतो, आपलं छप्पर ८० चौरस मीटरचं धरलं तर २,४०,००० लिटर. १०,००० लिटरचे २४ टँकर आपल्या कौलांवरून नुसते वाहून जातात आणि एप्रिलमध्ये आपण नळाची वाट बघत बसतो. माझ्या मुलाने हा हिशेब त्याच्या आजोबांना दाखवला, पुढच्या वर्षी पागोळीचं पाणी विहिरीकडे वळवलं गेलं. मी चार वर्षं सांगत होते, माझं कोणी ऐकलं नव्हतं.

वहीचा नियम एकच पण तो कडक पाळा. मापायच्या आधी अंदाज लिहायचा, पेनाने, आणि खोडायचा नाही. उद्या किती पडेल, हा दगड बुडेल का, भरती उद्या किती वाजता. अंदाज चुकला की मूल स्वतःच का म्हणून विचारतं, बरोबर आला तर ते मिरवतं, दोन्ही चालतं. नुसतं निरीक्षण लिहायला लावलं तर ते निबंध होतात, "आज खूप पाऊस पडला व मजा आली".

तुम्ही सायन्सच्या नाही हे मी तोटा धरत नाही. मला उत्तरं यायची म्हणून मी पटकन सांगून मोकळी व्हायचे, मुलगी ऐकून घ्यायची आणि संपलं. तुम्हाला येत नसेल तर तुम्ही मुलांसोबत शोधाल, आणि शोधताना मोठी माणसं काय करतात हे त्यांना दिसेल.

आता वर्ष कसं फिरतं ते सांगते.

ऑगस्टच्या १० च्या आसपास आपल्याकडे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. असाच दिवस मेच्या सुरुवातीलाही येतो, तो यंदाचा गेला. ऑगस्टात ढग आडवे येतात पण एक-दोन दिवस इकडेतिकडे झाले तरी फरक जेमतेम दिसतो, जमवा. गंमत अशी की मुलं १२ वाजता जाऊन उभी राहतात आणि सावली असते. घड्याळ चुकलं का? भारताची वेळ ८२.५ रेखांशावरची, आपण ७४ च्या जरा अलीकडे, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आपला सूर्य ३५ मिनिटं उशिरा, आणि वर्षभरात त्यात आणखी थोडं पुढेमागे होतं. म्हणून मेमध्ये साधारण १२.३० ला आणि ऑगस्टमध्ये १२.४० ला सावली सर्वात लहान होते. दर ५ मिनिटांनी खडूने टोक आखायचं. भूगोलाचा रेखांश, गणिताचा गुणाकार, खगोल, सगळं एका पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात. सूर्याकडे बघायचं नाही, खाली बघायचं, हे मात्र दहा वेळा सांगा.

मग चवथ. इथे तुमचा सेक्युलरचा मुद्दा येतो. तुम्ही लिहिलंय की सासूबाई देवधर्म खूप करतात, मुलांना त्यातून बाहेर ठेवायचं का. अहो, माटोळीतून, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या मांडवातून, मुलांना बाहेर ठेवाल तर वनस्पतीशास्त्राचा अख्खा वर्ग बुडेल! कांगणां, माट्टीची फळं, आंबाडे, तोरिंजन, सुपारीचा शिपटो, चिबूड, आणि रानातल्या कितीतरी गोष्टी ज्यांची नावं फक्त सासूबाईंच्या पिढीला ठाऊक. आमच्याकडे मुलं दरवर्षी माटोळीची यादी करतात, नाव, कुठून आणलं, वेल की झाड, फळ कापून बिया कशा मांडल्यात त्याचं चित्र. गेल्या १० वर्षांच्या याद्या समोर ठेवल्या तर दिसतं की काही वस्तू पूर्वी सासरे रानातून आणायचे त्या आता बाजारातून विकत येतात आणि दोन-तीन तर येतच नाहीत. का? खाण, रबर, काजू, रस्ता, काय झालं त्या जागेचं? हा प्रश्न मुलाने विचारला आणि माझ्याकडे अर्धंच उत्तर होतं.

माझ्या लेखी सेक्युलर म्हणजे घरातून देव काढणं नव्हे. रीत आहे तिला रीत म्हणायचं, गोष्ट आहे तिला गोष्ट म्हणायचं आणि "हे असंच घडतं" असा दावा कोणी केला, मग तो भटजींचा असो, पाद्रीचा असो की माझा, तर "कशावरून?" विचारायला मुलाला मोकळीक असायची. देव आहे का असं मुलाने विचारलं तेव्हा मी सांगितलं की मला वाटतं नाही, आजीला वाटतं आहे, हे बाटलीत मापता येत नाही, तू मोठा झालास की तुझं तू ठरव. पण पृथ्वीचं वय किती यावर घरात मतदान होत नाही. ते साधारण ४५४ कोटी वर्षं, खडकांवरून आणि उल्कांच्या दगडांवरून मोजलेलं.

पिंजरीचं म्हणजे कुंकवाचं घ्या. हळदीचं पाणी करून त्यात कागद बुडवून वाळवा, त्यावर साबणाचं पाणी टाकलं की लाल, लिंबू पिळलं की परत पिवळा. पानाचा चुना टाकला तर लालभडक, आणि पारंपरिक कुंकू असंच हळदीला चुन्याची जोड देऊन करतात. हे मुलीने आजीला दाखवलं तेव्हा त्यांचा देव्हारा काही बाटला नाही, उलट त्यांनी त्यांच्या आईच्या घरी कुंकू कसं करायचे ते तासभर सांगितलं. जास्वंदीच्या पाण्याचाही रंग असाच बदलतो, करून बघा. आम्ल आणि अल्कली झालं, विकतचा किट न आणता.

ग्रहणाचं सांगायलाच हवं, त्यावरून घराघरात भांडणं होतात. २०२५ च्या ७ सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहण होतं, रात्री ११ ते १२.२२ चंद्र पूर्ण सावलीत. माझ्या सासूबाईंनी वेध पाळले, आम्ही जेवलो, कोणी कोणाला काही बोललं नाही. ढगांतून मधेमधे दिसत होतं. मुलाने सावलीची कड कागदावर काढली आणि ती कड पुरी करून मोठं वर्तुळ केलं, चंद्राच्या किती पट ते मोजायला. त्याचं उत्तर ३ आलं, खरं साधारण २.६-२.७ पट असतं, चालतंय. साडेअकराला दार वाजलं, सासूबाई शाल गुंडाळून व्हरांड्यात, "खंय आसा तो?" विचारत. ग्रहण बघू नये म्हणणाऱ्या सासूबाई. मी गप्प राहिले, तुम्हीही अशा वेळी गप्प राहा.

भेसळ फक्त परदेशी पुस्तकांतच असते असंही समजू नका. आपल्याकडची भेसळ वेगळ्या चवीची, "हे सगळं आपल्या पूर्वजांना आधीच माहीत होतं" या जातीची. पुस्तक चाळताना मी दोन जागा बघते, पृथ्वीचं वय आणि माणूस कसा आला. तिथे लेखक कचरला, "काही लोक मानतात" असं करू लागला, की पुस्तक परत. उत्क्रांती तुम्हाला स्वतःला शिकवावीच लागेल, कारण २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून तो भाग काढला, आवर्तसारणीचा धडाही गेला, १८०० वर शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहून विरोध केला होता. आता तो विषय थेट बारावीच्या जीवशास्त्रात भेटतो, म्हणजे जे सायन्स घेत नाहीत त्यांना कधीच नाही.

उत्क्रांती शिकवायला डायनासोर लागत नाही. रायबंदरहून फेरीने चोडणला जा, सलीम अली अभयारण्यात खारफुटीच्या मुळांशी ओहोटीला निवट्या दिसतात, चिखलावर परांच्या आधाराने सरकणारे मासे. माझा मुलगा म्हणाला हा मासा आता प्राणी होतोय. मोठी माणसंही हेच समजतात. तो काही होत नाहीये, तो चिखलात राहायला उत्तम जमलेला मासा आहे आणि त्याला कुठे जायचं नाही. हे समजावायला मला पूर्ण आठवडा लागला, शेवटी कोरगुट या खारं पाणी सोसणाऱ्या भाताने समजलं. खाजन म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात खारं पाणी शिरतं, दुसरं बियाणं मरतं, ज्या रोपांना खारेपणा सोसतो ती उरतात, त्यांचंच बी पुढच्या वर्षी पेरलं जातं, असं पिढ्यान्‌पिढ्या. रोपांनी ठरवलं नाही, उरलं ते पुढे गेलं.

खाजन तर मुलांना दाखवाच, चोडण, दिवाडी, कुठेही. बांध, आणि बांधातलं मानस म्हणजे पाण्याचं दार. लाकडी फळ्या अशा बसवलेल्या असतात की भरतीचं पाणी बाहेरून दाबतं आणि दार आपोआप बंद होतं, ओहोटीला आतलं पाणी दाबतं आणि उघडतं. मोटर नाही, माणूस नाही, पाण्याचा दाब आणि चंद्र. पावसात पाण्याने मीठ धुवून निघतं तेव्हा भात, उन्हाळ्यात मासे नि कोळंबी. आमच्या मुलीने आइस्क्रीमच्या काड्या आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून प्लास्टिकच्या डब्यात मानस केलं होतं, चौदाव्या वेळी चाललं. त्याच सुमारास तिने बेतीच्या धक्क्यावर आत्याकडे राहून १५ दिवस भरतीची वेळ लिहिली, रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आकडे वजा करून तिलाच सापडलं. मासेमारी करणाऱ्या एका काकांना ती धावत सांगायला गेली, ते म्हणाले हे तर माझ्या आजीलाही ठाऊक होतं. दोन दिवस रुसली होती.

थंडीत आकाश. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून १५.५ अंशांवर, हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश, म्हणजे दीड मूठ. पणजीचा अक्षांशही १५.५, का सारखा येतो ते मोठीला विचारा, लगेच उत्तर देऊ नका. आपल्याकडे तो खाली असतो, उत्तरेला डोंगर किंवा माड नाहीत अशी जागा लागेल.

मार्च-एप्रिलला काजूच्या भाट्या म्हणजे काजूची दारू गाळायच्या भट्ट्या. ओळखीतल्या कोणाची असेल तर सत्तरीत घेऊन जा. बोंडू म्हणजे काजूचं फळ मळून रस काढायचा, नीरो आंबवायचा, भाटीवर चढवायचा, पहिल्या धारेचा हुर्राक, तोच परत नीरोबरोबर चढवला की फेणी. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला, म्हणून अल्कोहोल आधी जास्त निघतं, पण पाणीही सोबत येतंच, म्हणूनच एका फेरीत भागत नाही. हुर्राकात अल्कोहोल साधारण १५ टक्के, फेणीत ४२-४५. जुनी माणसं ग्राव या मापात दारूचा जोर सांगतात, त्यासाठी दारूत तरंगणारी काचेची नळी असते, तिथून घनतेचा धडा निघतो. लोक म्हणतील मुलांना दारूच्या भट्टीवर नेते. म्हणू देत. चव घ्यायची नाही आणि चुलीपासून लांब, एवढं सांभाळा. घरी हेच मिठाच्या पाण्याचं करा, पातेल्यात खारं पाणी, मध्ये वाटी, वर उलटं झाकण त्यावर बर्फ, वाटीत गोडं पाणी.

दगडही सोडू नका, आमच्या डिचोलीत तर दुसरं काय आहे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा, दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला टेकवू नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर दगडाचं आकारमान. आधी कोरडं वजन घेतलेलं, भागाकार करा, घनता आली. शुद्ध हेमेटाइट या लोहखनिजाची ५ च्या थोडी वर असते, आमच्या खाणीकडच्या तुकड्याची ४ च्या आसपास आली. चिऱ्याच्या तुकड्याचा आकडा मात्र स्थिरच राहत नव्हता, बुडबुडे येत राहिले, चिरा पाणी पितो. दोन दिवस भिजवून पुन्हा करू असं मुलानेच सुचवलं.

सामानाचं विचारलंय, तर तो काटा, सोनाराचा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा, थर्मामीटर, १० पटीचं भिंग, एक मल्टिमीटर, आणि जमलं तर फोल्डस्कोप म्हणजे कागदाचा मायक्रोस्कोप, १४० पट दिसतं, तळ्याच्या पाण्याचा एक थेंब पुरतो. विकतचे किट नकोत, एकदा होतात आणि कपाटात जातात. टॉयलेट क्लीनर, ब्लीच यांचे इंटरनेटवरचे प्रयोग अजिबात नकोत, हे मी लॅबमध्ये हात भाजून घेतलेली बाई सांगतेय. मिरामारचं सायन्स सेंटर वर्षातून दोनदा पुरे. दोनापावलाची एनआयओ म्हणजे समुद्रविज्ञान संस्था कधी लोकांसाठी खुली ठेवतात त्या दिवसावर लक्ष ठेवा, मुलांना प्रत्यक्ष शास्त्रज्ञाशी बोलायला मिळतं आणि तेही "माहीत नाही" म्हणतात हे ऐकायला मिळतं.

बाकीचे विषय. इतिहासालाही माझा तोच प्रश्न, कशावरून? सांग्यात रिवणजवळ उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर कोरलेली चित्रं आहेत, बैल, हरणं, चक्रव्यूहासारखं एक, तिथे बसून विचारा, कोणी कोरलं, कधी, कसं ओळखायचं. तांबडी सुर्लाचं देऊळ कदंबांच्या काळचं, काळ्या दगडाचं, आणि आजूबाजूला तर सगळा जांभा, मग हा दगड आला कुठून? मिरची, काजू, बटाटा, अननस पोर्तुगीजांबरोबर आले हे कळल्यावर मुलगा दोन दिवस विचार करत होता की शिवाजी महाराजांच्या आधी तिखट काय खायचे. मिरी, त्याला कुळागरात म्हणजे पोफळीच्या बागेत नेऊन वेलच दाखवली. आणि गोव्यातच १९०७ मध्ये जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींची गोष्ट जरूर सांगा, मूळ गणिती माणूस, त्यांनी जुनी नाणी काट्यावर तोलली, वापरात नाणं झिजतं, वजन घटतं, त्या आकड्यांवरून नाण्यांचा काळ लावायचा प्रयत्न केला. आम्ही हेच एका प्रकारच्या ५ रुपयांच्या ४० नाण्यांवर केलं, सोनाराचा तो छोटा काटा त्यासाठीच घेतला. जुन्या सालांची खरंच थोडी हलकी निघाली, दोन-चार मात्र उलट, त्यावरून सरासरी म्हणजे काय ते समजलं.

भाषेचं फार टेन्शन घेऊ नका. घरात कोंकणी, वाचायला मराठी, नेटवर इंग्रजी असं आपोआप होतं. फक्त शास्त्राचे शब्द दोन्हींत लिहायला लावा, मराठी शब्द पुष्कळदा जास्त बोलतो. उभयचर म्हटलं की मूल स्वतःच अर्थ लावतं, वस्तुमान आणि वजन, चाल आणि वेग यांतला फरक बालभारतीच्या पुस्तकात छान उलगडतो. पणजीच्या पाट्टोवरच्या सेंट्रल लायब्ररीचं कार्ड काढा, १८३२ ची संस्था आहे, मुलांचा विभाग चांगला आहे.

आता माझी चूक. मुलीला प्रयोगांची एवढी गोडी लावली की कागदावरचं गणित मी ढिलं सोडलं. "तिला समजतंय ना, मग उदाहरणं कशाला सोडवायची" असं मला वाटायचं. अकरावीच्या फिजिक्सला पोरगी आदळली. कल्पना सगळ्या येत होत्या, बोलायला लागली तर ऐकत राहावं, पण बीजगणिताच्या चार ओळी मांडायच्या म्हटलं की हात थरथरायचा. एका क्लासवाल्यांनी तर शाळेत न गेलेली मुलगी नको म्हणून परत पाठवली. मग ६ महिने रोज दोन तास नववी-दहावीचं गणित, ती रडायची आणि मी स्वयंपाकघरात. सावरलं, पण तो त्रास माझ्यामुळे झाला. म्हणून पावाचं म्हणतेय, शिळा चालत नाही.

परीक्षेसाठी आम्ही एनआयओएस म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय घेतलं. दहावीला वय १४ पूर्ण हवं, बारावीला १५, किमान ५ विषय, त्यात एक तरी भाषा, आणि दहावीच्या भाषांत मराठी मिळते. वर्षातून दोनदा परीक्षा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, नोंदणी ५ वर्षं चालते, तेवढ्यात ९ संधी, एकेक-दोनदोन विषय करत देता येतात. सायन्सला प्रॅक्टिकल असतं, नेमून दिलेल्या केंद्रावर जावं लागतं, त्याची जर्नल आधीपासून नीट ठेवा, आमची मूळ वही त्यांना चालली नाही, सगळं त्यांच्या पद्धतीने पुन्हा लिहिलं. मुलीने २०२३ ला दहावी दिली, २०२५ ला बारावी. तुमच्या मोठीला अजून ५ वर्षं आहेत, १३ व्या वर्षापर्यंत त्या पुस्तकांना हातही लावू नका.

कायद्याचं थोडक्यात, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ च्या मुलांना शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य असं लिहिलंय, पण न घालणाऱ्या पालकाला शिक्षा लिहिलेली नाही. काळं-पांढरं नाही, मधलं आहे. आम्हाला कोणी विचारायला आलं नाही, तरी वह्या, तारखा, फोटो सांभाळून ठेवलेत, तुम्हीही ठेवा. आणि नातेवाईक "पोरांना नास्तिक करताय" म्हणाले तर माझे सासरे जे म्हणतात ते सांगा. ते निवृत्त मास्तर, घटनेच्या कलम ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं नागरिकाचं कर्तव्य म्हटलंय, १९७६ च्या दुरुस्तीने, हे त्यांना पाठ आहे. रोज पूजा करतात आणि हेही सांगतात.

मित्रांचं विचारलं नाहीत पण विचाराल. संध्याकाळी ५ नंतर सगळ्यांचीच मुलं मोकळी असतात, फुटबॉल आहे, भजनाचा किंवा तबल्याचा क्लास आहे, आमची कमी पडली नाहीत. सकाळची वेळ जरा एकटी जाते, विशेषतः १० ते १२ वयात, ते खरं आहे आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही. आम्ही आठवड्यातून एकदा आणखी दोन घरांबरोबर भेटतो.

आजच्यासाठी एवढं करा, मुलांना घेऊन अंगणात जागा शोधा, बाटली कापून ठेवा आणि पहिला पाऊस कुठल्या तारखेला पडेल याचा अंदाज तिघांनीही पेनाने लिहा, सासूबाईंनाही विचारा, त्यांचा बहुतेक बरोबर येईल. बाटली मात्र सरळ अंगाची घ्या.